बाहेरून लागणारी कडी

मळीचा वास तुम्ही कधी घेतला नसेल, तर नशीबवान आहात. साखर काढून झाल्यावर कारखान्यात जो काळा, चिकट पाक उरतो ती मळी. ती आंबली की आधी गोड वास येतो आणि मग त्या गोडाच्या आतून काहीतरी कुजल्याचा. आमच्या भिंगारच्या गणेश मंडळाने ज्या टाकीतून अंतराळातलं जीवरक्षक यान बनवलं, ती अशाच मळीची होती. देवळालीकडच्या एका भंगारवाल्याकडून आणली आणि स्वच्छ धुतली म्हणून मला सांगितलं. कुणी धुतली ते देव जाणे.

यान माझ्याच डोक्यातून निघालं होतं. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि देखावा दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतो. तेच किल्ले आणि त्याच गुहा करून मला वीट आला होता. म्हणून मी गोष्ट रचली. दूरच्या ताऱ्यांपाशी लढाई चालू आहे, लढाऊ यानाला आग लागते, शेवटचा सैनिक एका माणसापुरत्या छोट्या यानात शिरतो, झाकण लावतो आणि जळत्या यानापासून सुटतो. सगळा खेळ चार मिनिटांचा. मंडळाला तो पसंत पडला. शेवटी गणपतीने आशीर्वाद द्यावा, एवढी भर त्यांनी घातली.

कागदावर मी कडी आतल्या बाजूला काढली होती. सुटणाऱ्या माणसाला दार स्वतः उघडता यावं, एवढी साधी गोष्ट. पण आमचा वेल्डर जन्मभर डिझेलच्या टाक्या आणि पेंडीच्या कोठ्या करत आलेला. त्याने कडी बाहेरून लावली. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी ती माझ्या नजरेस पडली.

"आतून कडी कशाला वो सर?" तो म्हणाला. "टाकीला कडी भाईरूनच असती. आत काय मानूस ऱ्हातो व्हय?"

"या टाकीत माणूसच बसणार आहे."

"मग भाईर एक जन हुबा करा की. चार मिन्टाचा तर खेळ हाय."

रंग ओला होता, पडदे लागायचे होते आणि वाद घालायचा मला कंटाळा आला होता. "चालतंय," मी म्हणालो. यापेक्षा घाणेरडा शब्द माझ्या तोंडून कधी निघाला नसेल.

सैनिक आम्ही दोघं होतो. सातच्या खेळाला मी आणि साडेसातच्या खेळाला माझे शेजारी, मेजर. आमच्याकडे फौजेतून निवृत्त झालेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात. हे फौजेत गाडी चालवायचे. "खरा फौजी गावात असताना मास्तरनं वर्दी घालायची म्हंजी कमाल हाय," असं म्हणून त्यांनी निम्मे खेळ मागून घेतले होते. त्यांना दमा होता. वहिनींनी मला दारात थांबवून सांगितलं होतं, "भाऊजी, तेवढं यांच्याकडं ध्यान ठिवा." मी मान डोलावली होती.

सातला मी टाकीत शिरलो. मंडळाच्या सचिवांनी बाहेरून कडी घातली. गुडघे हनुवटीला टेकलेले, चंदेरी रंगाखाली मळी अजून ओली, हात जिथे ठेवावा तिथे चिकटायचा. मानेवरून मुंगळे चालायला लागले. हवेला मुठीएवढं एक भोक होतं, त्यात कुणीतरी निळा दिवा बसवलेला. स्फोटाचा आवाज झाला, यान रुळावरून सरकलं आणि मध्येच सगळं बंद पडलं. उद्घाटनाला बोलावलेल्या पाहुण्यांची गाडी आली होती. सचिव कडी तशीच ठेवून हार घेऊन धावले.

मी ठोकायला लागलो. बाहेर आरती सुरू झाली होती. लोक टाळ्या वाजवत होते आणि माझं ठोकणं त्यांच्या ठेक्यात मिसळून गेलं. पहिल्या आरतीनंतर दुसरी, मग नारळ, मग शाली. मी ओरडलो तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली. आंबट पाणी घशाशी आलं आणि मी ते गिळलं, कारण ओकायला तिथे जागाच नव्हती. असली किळस मला आजवर कशाचीच आली नव्हती.

शेवटी झाकण उघडलं. मला ओढून थेट स्टेजवर नेलं.

"काय ठोकत होता हो तुम्ही!" पाहुणे म्हणाले. "अंगावर काटा आला." माझ्या चिकट खांद्यांवर शाल पडली आणि हातात माईक आला.

मागे मेजर यानात शिरत होते. ते मला दिसत होतं. 'थांबा, कडी आतून नाही,' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. मी माईकमध्ये म्हणालो, "याचं सगळं श्रेय मंडळाला आहे." टाळ्या पडल्या. मागे कडी सरकल्याचा आवाज आला. फोटोवाला म्हणाला, "सर, इकडं बघा," आणि मी बघितलं. हसलोसुद्धा.

खेळ लगेच सुरू झालाच नाही. पाहुण्यांना दोन शब्द बोलायचे होते आणि ते काही दोनावर थांबले नाहीत. मागून ठोकणं सुरू झालं तसे लोक खूश झाले. मला ते ठोकणं काय आहे ते माहीत होतं. तरी भाषणाच्या मध्ये उठायचं कसं, असा विचार मी करत राहिलो. मग ठोकणं थांबलं, तेव्हा कुठे मी पळालो आणि कडी ओढली.

मेजरांचे ओठ काळेनिळे पडले होते. त्यांच्या खिशातला दम्याचा पंप काढून मी त्यांच्या तोंडाला लावला. बऱ्याच वेळाने श्वास आला, मग उलटी झाली, सगळी माझ्या शालीवर.

"आतून कडी न्हाई सर," ते धापा टाकत म्हणाले. "तुमाला म्हाईत हुतं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. वेल्डर खाली बघत होता.

"नाही," मी म्हणालो. "मी घाबरून ठोकत होतो, कडी शोधलीच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी डबा घेऊन आल्या. उकडीचे मोदक होते, वर तूप. "तुमी हुता म्हून वाचले हे," त्या म्हणाल्या आणि वाकून माझ्या पाया पडल्या. मी त्यांना उठवलं, आत येऊन बसा म्हणालो. त्या बसल्या आणि मी खाताना बघत राहिल्या. पहिल्या घासालाच सारणाच्या गुळाला मळीचा वास आला.

मी सगळे मोदक खाल्ले.