खिडकीजवळचं टेबल कुणी मिळवलं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बाबांना नाही, मी काम करते त्या संघटनेतल्या मैत्रिणींना नाही, आणि जिथे माझ्या नावाने टाळ्या पडल्या त्या सभांमध्ये तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते आहे. आणि पुटपुटत सांगणार नाही, कारण यात एका बाईचा झणझणीत विजय आहे. फक्त — ती बाई मी नाही.

थांबा. जरा मागून सुरुवात करते.

भोपाळची संध्याकाळ मला हावरटासारखी आवडते. बिट्टन मार्केटचा भाजीबाजार उठायला लागला की शेजारी टिक्कीचे तवे तापतात. तलावाकाठच्या गच्च्यांवर दिवे लागतात आणि वाऱ्याने कागदी रुमाल उडून दुसऱ्याच्या डाळीत पडतात. जुन्या शहरात कबाबाच्या धुराने डोळे चुरचुरतात, तरी कुणी उठत नाही. पण या सगळ्यांहून लाडकी जागा विचाराल, तर होशंगाबाद रोडपासून थोडा आत असलेला एक बार. नाव सांगत नाही. मोठा हॉल, रस्त्याकडे उघडणाऱ्या रुंद खिडक्या, मंद जुनी गाणी आणि असे सीख कबाब की बोलणं थांबावं.

काही वर्षांपूर्वी तो हॉल पुरुषांचा होता. तशी पाटी नव्हती, पाटीची गरजही नव्हती. बायकांसाठी मागे ‘फॅमिली केबिन’ होत्या — प्लायवूडच्या खोक्याला मळकट पडदा, आत पंखाही नाही. तिथेही सोबत पुरुष लागायचा. बाई एकटी आली, दोघी आल्या, चौघी आल्या, तरी दारातच प्रश्न यायचा: “साथ में कौन है?”

हे मला सहन होणं शक्य होतं का? मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा कारखान्याच्या युनियनमध्ये होते, आमच्या घरी पाहुण्याच्या हातात चहाच्या आधी पत्रक पडायचं. पत्रकाची घडी घालायला मी वाचायच्या आधी शिकले. बाबांचा एक नियम होता — पत्रकाखाली संघटनेचं नाव, एकट्या माणसाचं कधीच नाही. लढाई सगळ्यांची असते, म्हणायचे. नियम मला पाठ होता. हे मुद्दाम सांगते आहे, म्हणजे पुढे मला अजाण समजायला जागा राहणार नाही.

विद्या माझी मैत्रीण. नागपूरकडचं कुटुंब, बाग सेवनियात घर, साकेत नगरच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन. पत्रकं ती वाचायची नाही. “तू बोलून सांग ना, वाचून झोप येते मला,” म्हणायची. तिची नोकरी कायम झाली त्या संध्याकाळी ती म्हणाली, “आज त्या बारमध्येच जेवू. खिडकीपाशी.” रिक्षात सगळा वेळ मीच बोलत होते. सार्वजनिक जागा, हक्क, पुरुषी नजर — रिक्षावाला आरशातून बघायला लागला इतकी मी पेटले होते. विद्या फक्त म्हणाली, “हो ना बाप्पा. पण भूक लागून राहिली मले.”

दारात मॅनेजर आडवा आला. तोच प्रश्न. हॉलमधली डोकी आमच्याकडे वळली.

आणि मी — रिक्षात पेटलेली मी — काय म्हणाले असेन?

मी म्हणाले, “हस्बैंड गाड़ी पार्क कर रहे हैं, आते ही होंगे.”

तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. आजही नाही. मॅनेजरने मान तुकवली, मागच्या केबिनकडे हात केला, आणि मी गेले. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. विद्या मागोमाग येतेच आहे असं मी धरून चालले होते — की धरून चालायचं ठरवलं होतं? केबिनमध्ये बसल्यावर कळलं, ती आलेली नाही.

पुढचं सगळं मी पडद्याआडून ऐकलं.

“मॅडम, आपके साथ कौन है?”

“मेरे साथ भूख है, भैया. खिड़कीवाला टेबल दो.”

कुणीतरी फिदीफिदी हसलं. दुसरा अस्सल भोपाळी ढंगात ओरडला, “को खाँ, मॅडम गलत मंदिर में आ गईं!” त्यावर विद्याचा आवाज, अगदी शांत — “तो आप आरती कर लो चचा, मैं तब तक खाना खाती हूँ.” सगळा हॉल हसला, आणि या वेळी ‘चचां’ना हसला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मॅनेजर दबक्या आवाजात काही समजावत राहिला, ती मोठ्याने मेनूतले पदार्थ विचारत राहिली. शेवटी तो थकला. कबाब आले. मला वास आला.

आणि मी त्या वेळी काय करत होते? वेटरने विचारलं, “सर के लिए क्या लाऊँ?” मी माझ्यासोबत सरांसाठीही सूप मागवलं. गरम चिकन सूप, नसलेल्या नवऱ्यासाठी, समोरच्या रिकाम्या जागेसमोर ठेवलेलं. वेटरला संशय येऊ नये म्हणून मीच ते प्यायले.

जेवून झाल्यावर विद्याने पडदा सारला. दोन वाट्या पाहिल्या. प्लायवूडला धरून ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. “नवरा कुठी गेला वो तुहा? सूप पिऊन पळाला का?” मीही हसले. तिने एका शब्दानेही मला दुखावलं नाही.

भित्रेपणा इथवर. एवढंच असतं तर कदाचित हे लिहायलाच बसले नसते.

त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. हिंदीत, जळजळीत. त्यात दारातला प्रश्न होता, हॉलमधलं हसणं होतं, आरतीचं उत्तर होतं, आणि ‘मेरे साथ भूख है’ होतं — माझ्या तोंडी. शब्दही न बदलता. खाली संघटनेचं नाव नव्हतं. माझं होतं. बाबांनी वाचून विचारलं, “खाली तुझं एकटीचं नाव कसं?” मी म्हणाले, काळ बदलला आहे.

ते पत्रक पेटलं. बँकांतल्या, कचेऱ्यांतल्या, हॉस्टेलमधल्या बायका घोळक्याने त्या बारमध्ये शिरल्या. दारात प्रश्न आला की एका सुरात विद्याचं वाक्य म्हणायच्या. महिन्याभरात केबिनचं प्लायवूड निघालं. मग इतर बारमधलंही निघू लागलं. मला भाषणांना बोलावणी येऊ लागली. पत्रक विद्याच्या हाती पडलं तेव्हा तिने फोन केला. एवढंच म्हणाली, “सुपाचं नाही लिहिलं तू?” त्यानंतर बाहेर जेवायला चल म्हणून तिचा फोन कधी आला नाही. ती काही बोलत नाही, म्हणजे तिची हरकत नाही, असं मी स्वतःला समजावलं. ते सोयीचं होतं.

गेल्या शनिवारी मी त्याच हॉलमध्ये होते. निम्म्याहून जास्त टेबलांवर बायका. काय गलका! कुणी बॉसची नक्कल करतंय, कुणी दुसरीच्या ताटातला कबाब पळवतंय, आजीच्या वयाची एक बाई बिअर पुरेशी गार नाही म्हणून वेटरला झापतेय. काही मुलींनी मला ओळखलं. “दीदी, वो लाइन बोलके दिखाओ ना!” मी उभी राहिले आणि बोलून दाखवली. हॉलने टाळ्या वाजवल्या.

खिडकीजवळच्या टेबलावर, लॅबमधल्या पोरींच्या घोळक्यात, विद्या बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती.

तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला मी. नव्हता. ती खूश होती — भरलेल्या हॉलवर खूश होती. तिला हवं होतं ते तिने मिळवलं होतं, आणि ते माझ्या नावावर चालतंय की कुणाच्या, याने तिच्या जेवणाची चव बिघडत नव्हती. मी चोरलं ते फक्त श्रेय. विजयाला मला हातही लावता आला नव्हता.

म्हणून आता सरळ लिहिते. त्या बारचं दार विद्याने उघडलं, एकटीने, भरल्या हॉलसमोर. मी आत जायला एक नवरा रचला, आणि बाहेर येऊन तिचे शब्द माझे म्हणून छापले. घाबरले ते एका क्षणात. चोरी मात्र शांतपणे बसून, ओळी सुधारत केली.

निघताना पाहिलं, तर तिच्या टेबलावर उशिरा आलेली एक मुलगी उभी होती, जागा नव्हती. विद्याने मान वर करून हाक मारली, आणि तोच मॅनेजर स्वतः खुर्ची उचलून धावत आला.