आक्काने उरकलेला बाप्तिस्मा

माझ्या मुलीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी घरासमोरच्या रस्त्यावर गाडीवानाशी भांडत होतो.

हे मी अभिमानाने सांगत नाही. पण माझी बाजू तर ऐका! मी भोरच्या मिशनच्या शाळेत मास्तर. शाळेला लागूनच आमचं छोटं ख्रिस्ती देऊळ, आणि वर्षातून मोजक्या वेळी पुण्याहून पाळकसाहेब येत तेव्हाच बाप्तिस्मे होत. आमची आधीची दोन मुलं तान्हेपणीच गेली होती. ही तिसरी. तिच्या बाप्तिस्म्यात काही कमी पडू द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. शेळी कापली होती, धर्ममातेसाठी साडी आणली होती, देवळातलं बाप्तिस्म्याच्या पाण्याचं कुंड चिंचेने घासून आरशासारखं केलं होतं. आणि नाव निवडलं होतं एलिझाबेथ व्हिक्टोरिया! हे नाव मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. कारण बायकोला सांगितलं की आक्काला कळणार, आणि आक्काला कळलं की आंबवड्यापर्यंत दवंडी पिटणार.

आक्का म्हणजे माझी थोरली विधवा बहीण. आमच्याकडेच राहायची. देवळात पहिल्या रांगेत बसायची, सगळी उपासना तिला तोंडपाठ होती, आणि जुनं काहीही सोडायला तयार नव्हती. ती मला एकच गोष्ट सारखी सुनवायची. "थोरामोठ्यांची नावं ठिवलीस येशा, दोगंबी गेली. आता येक दगडाधोंड्याचं ठिव. धोंड्याला कोन न्हेतंय?"

"आपण ख्रिस्ती आहोत, आक्का!"

"मंग? ख्रिस्ती मानसाची पोरं मरत न्हाईत व्हय?"

मला उत्तर सुचलं नाही की मी ओरडतो. तेव्हाही ओरडलो.

तर त्या रविवारी सकाळी पाळकसाहेब मोटारीने कापूरहोळला उतरणार होते आणि तिथून त्यांना आणायला मी रामा गाडीवानाला पाठवलं होतं. रामा आला. गाडी आली. बैल आले. साहेब नव्हते!

"सायेब आलंच न्हाईत, मास्तर."

"कुठं थांबला होतास?"

"सारोळ्याला."

"अरे, तुला कापूरहोळ सांगितलं होतं ना?"

"व्हय. पर सारोळ्याला सासुरवाडी हाय नव्हं. म्हनलं, बैलान्ला पानी बी व्हईल."

आता मला सांगा, कोणता माणूस शांत राहील? (आमची ही म्हणते, कोणताही. तिचं सोडा.) मी रामाचा उद्धार केला, त्याच्या सासऱ्याचा केला, बैलांचाही केला. समोरच्या पाटलीणबाई ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. आतून बायकोची हाक आली. मी तिकडे लक्ष दिलं नाही. पुन्हा हाक आली. मी रस्त्यातूनच खेकसलो, "थांब की जरा! दिसत नाही मी बोलतोय ते?"

मग आतून पोरीने असा टाहो फोडला की माझं बोलणं तुटलं.

"कोण रडवतंय तिला?" असं ओरडत मी आत धावलो. पोर नखशिखान्त भिजलेली, बायको तिला छातीशी धरून ढसाढसा रडत होती, आणि आक्का हातात रिकामा तांब्या घेऊन उभी.

"काय केलंस हे?"

"पोरीला दूध अडकलं हुतं. निळी पडली, रडंना, का शास घीना. तुला हाका मारल्या. तुझं बैलांसंगं चाललं हुतं! म्हनलं, ही बी जाती आता. तशीच नगं जायाला. म्या बाप्तिस्मा दिऊन टाकला."

मी मटकन खाली बसलो. पोर लालबुंद होऊन किंचाळत होती आणि मी तिचे ओले पाय धरून राहिलो. असाच बसून राहिलो असतो तर बरं झालं असतं. पण मला एक शंका आली.

"आक्का, बाप्तिस्मा देताना नाव घ्यावं लागतं. तू कुठलं घेतलंस?"

"धोंडाबाई."

घरातली भांडी त्या दिवशी का फुटली नाहीत, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

दुपारी पाळकसाहेब एका गवताच्या गाडीवर बसून आले. दाढीत काड्या, तोंड उन्हाने रापलेलं. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. आधी तक्रार! त्यांनी शांतपणे आक्काला समोर बसवलं.

"कशाने दिलात, बाई?"

"पान्यानं. च्याचं आधन ठिवायला काढलं हुतं."

"शब्द कुठले म्हटलेत?"

"धोंडाबाई, पित्याच्या, पुत्राच्या आनि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुझा बाप्तिस्मा करते."

"झालं तर मग," साहेब म्हणाले. "बाप्तिस्मा झाला."

"असा कसा झाला?" मी उसळलो. "देऊळ नाही, पाळक नाही, धर्ममाता नाही, मी तर घरातसुद्धा नव्हतो! तुम्ही पुन्हा द्या!"

"पुन्हा होत नाही, मास्तर. एकदाच होतो."

"पण तिला काही कळलंसुद्धा नाही!"

"मी देवळात दिला असता तर कळलं असतं? काही कळायच्या, काही करायच्या आधीच देव तिला आपली म्हणतो. तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्याचा अर्थच तो. त्यात तिची कमाई नाही, आक्कांची नाही. आणि तुमच्या शेळीची तर नाहीच."

पाळकाला हाकलून देता येत नाही, हा आमच्या धर्मातला मोठा दोष आहे. मी दात-ओठ खात विचारलं, "निदान नाव तरी बदला."

"ते माझ्या हातात नाही. मुलगी मोठी झाली की दृढीकरणाला, म्हणजे तिचा विश्वास पक्का करायला, बिशप येतील. डोक्यावर हात ठेवताना ते नवं नाव घेऊ शकतात. तोवर थांबा."

संध्याकाळी देवळात पोरीचं मंडळीत स्वागत झालं. साहेबांनी तिला हातांवर उचललं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "धोंडाबाई!" मागे बसलेल्या पाटलीणबाई खूश झाल्या. "झ्याक नाव ठिवलंत बगा, मास्तर! आता पोर ऱ्हाती."

पोर राहिली. हे मात्र मला कबूल केलंच पाहिजे.

मी तिला एलिझाबेथ अशी हाक मारायचो. ती ढुंकून बघायची नाही. आळीतली शेळी एकदा बघायची, पण पोर नाही! आक्का "धोंडे" म्हणाली की धावत जायची. मी संतापायचो आणि बिशपांची वाट बघायचो. आक्का गेली तेव्हा माझं भांडायचं माणूसच गेलं. मी खूप रडलो. पण नावाचा हट्ट सोडला नाही.

शेवटी पोर वयात आली आणि बिशप आले. पाळकसाहेबांशी मी सगळं बोलून ठेवलं होतं. बाप पुढे होऊन नवं नाव सांगणार, बिशप ते घेणार. मी कोट शिवला होता. पांढऱ्या साड्यांतल्या मुली गुडघे टेकून रांगेत बसल्या. बिशप आमच्या पोरीसमोर आले. आणि ही कुठे बघत होती? कौलांतल्या चिमणीकडे! तोंड उघडं टाकून, बिशपांकडे सरळ पाठ करून!

इतकी वर्षं थांबलो होतो मी. डोक्यात अशी सणक गेली की शाळा, कोट, शुद्ध भाषा सगळं विसरलो.

"धोंडे! म्होरं बघ की गं!"

बिशपांनी माझ्याकडे पाहून समाधानाने मान हलवली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे प्रभू, तुझी दासी धोंडाबाई हिचं रक्षण कर."

आक्काने हे नाव ठेवलं तेव्हा ते फक्त घरात ऐकू गेलं होतं. मी ठेवलं ते भोरच्या राजवाड्यापर्यंत गेलं म्हणतात.