तुमचा संबंध काय?

"बाई, त्या जमिनीचा सातबारा तुमच्या नावावर आहे?"

नाशिकच्या कोर्टात बिल्डरच्या वकिलाने मला विचारलं.

"नाही."

"मग तुमचा संबंध काय?"

बाकांवरचे लोक हसले. "उद्या ही माणसं ढगांवरही दावा लावतील," वकील म्हणाला. न्यायाधीशही हसले. आमचा दावा ऐकलाच नाही.

संबंध असा. गंगापूर रोडच्या खालच्या अंगाला नाला, काठावर आमची बौद्धवस्ती. शेजारची मोकळी जागा नगरपालिकेच्या नकाशात बागेसाठी राखीव. बिल्डरने तिथे भराव टाकला, नाला बुजवला. पावसाळ्यात पाणी आमच्या घरांत शिरलं. आजारी आईला खाटेसकट उचलून बाहेर काढलं. त्या गारठ्यातून ती उठलीच नाही.

आमचे वकील म्हणाले, "मुंबईला हायकोर्टात आता जनहित याचिका ऐकतात. जमीन आपली नसली तरी चालतं. पण नाव वजनदार हवं."

त्यांनी मला रोडवरच्या एका बंगलेवाल्या साहेबांकडे नेलं. वकील खुर्चीत. मी पायरीवर. साहेब बिल्डरवर खरोखर चिडलेले होते. त्यांनी याचिकेचा मसुदा वाचून दाखवला. झाडं, पक्षी, मोकळी हवा. आणि शेवटी, नाल्याकाठचं गलिच्छ अतिक्रमणही हटवावं.

अतिक्रमण म्हणजे आम्ही.

"हे काय, साहेब?"

"अहो, त्याशिवाय बाग कशी होणार? तुम्ही गप्प राहा. तुमच्या भल्यासाठीच चाललंय सगळं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आजा आठवला. दोन गावांत शिवेचं भांडण लागलं की महाराला बोलवायचे. आजा डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन चालायचा. तो चालेल ती शीव, पाटलांनाही मान्य. त्याच्या नावावर मात्र वीतभर जमीन नव्हती. तेव्हा त्याला कुणी संबंध विचारला नाही. त्याने चालायचं आणि जमीन दुसऱ्यांनी वाटून घ्यायची, एवढंच ठरलेलं होतं.

मी पायरीवरून उठले.

"तुमचं ढेकूळ मी डोक्यावर घेणार नाही, साहेब."

वकील मागोमाग फाटकापर्यंत आले. "तुमच्या नावावर कोर्ट ऐकणार नाही, बाई."

"नाव माझंच लावा. खाली सगळी वस्ती अंगठे देईल."

मुंबईतही विचारतील, संबंध काय. सांगेन, त्या पाण्याने माझी आई गेली. त्याउपर ऐकायचं नसेल, तर न्यायाधीशांनी तसं भर कोर्टात, माझ्याकडे बघून म्हणावं. मी समोरच उभी असेन.