विहाराच्या भिंतीवर काय काढायचं

आई जाऊन वर्ष होत आलं. तिच्याबद्दल लिहायला बसलं, की मला विहाराची भिंत आठवते.

मोठ्या दुष्काळात आमच्या वस्तीतल्या बाया दिवसा खडी फोडायला जायच्या आणि परतल्यावर विहाराची भिंत उचलायच्या. माती कालवायला प्रत्येक घरानं आपल्या पिण्याच्या पाण्यातली एकेक कळशी दिली होती. त्यामुळे भिंतीवर सगळ्यांचाच हक्क होता, आणि सगळे तो बजावत.

भिंत वाळल्यावर कळंबकडचा, नात्यातला एक मुलगा आला. चित्रकलेच्या कॉलेजात शिकत होता. त्यानं कोळशानं मेलेला बैल ओढत नेणारी माणसं काढली. मला चित्र आवडलं.

आई कामावरून आली, बघितलं आणि म्हणाली, "हे पूस, बाबा."

"मावशी, आपला इतिहास आहे हा. लपवायचा कशाला?"

"लपव कोन म्हनतंय? तुज्या कागदावर काढ. इथं लेकरं वंदनेला बसनार. डोळं उघडलं की म्होरं ढोर?"

"मग काय काढू?"

"आधी इचारायचं व्हतं."

शेजारची काकू म्हणाली, "मला काढ. आन् दात समदे काढ, पडलेले धरून."

वडील मुलाच्या बाजूनं होते. आपण विसरलो तर लोक पुन्हा तेच करायला लावतील, असं त्यांचं म्हणणं. शेवटी कळशी दिलेल्या घरांना विचारलं. बहुतेक घरं आईकडं झुकली. मुलानं चित्र पुसलं आणि बायांनी सांगितलं तसं काढलं: खडी फोडणाऱ्या बाया, सगळ्या वंदनेला नेसतात तशा पांढऱ्या लुगड्यात.

"असं नेसून कामाला कोण जातं?" मी आईला विचारलं.

"जाता येत न्हाय, म्हनून तर भिंतीवर नेसलंय."

पुढं काही वर्षांनी शहरात त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. मी आईला घेऊन गेलो. पुसलेलं चित्र त्यानं मोठ्या कॅनव्हासवर रंगवलं होतं. आई त्यापुढं बराच वेळ उभी राहिली. आजूबाजूला इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं हळू आवाजात बोलत होती. तो बिचकतच जवळ आला.

"मावशी, उतरवू का हे?"

"कशाला? बरूबर काढलंस. तुज्या आज्याचा खांदा असाच वाकडा व्हता." मग तिनं त्या माणसांकडं एकदा बघून घेतलं. "ऱ्हाऊ दे इथं. ह्यांनी कुठं बघितलंय?"