मी बुडवलेली आगबोट

यांना ठाऊक नाही, लेकीला ठाऊक नाही, आणि जिला ठाऊक असायला हवं तिच्यापुढं तर माझं तोंडच उघडत नाही. तुमच्यापुढं का उघडतं आहे कोण जाणे – तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

लग्न होऊन भोरला आले तेव्हा माझ्याबरोबर एक लोखंडी ट्रंक होती. माझे वडील पुण्यात इंग्रजी शिकवायचे. त्यांनी ती लुगड्यांऐवजी पुस्तकांनी भरून दिली होती – विलायतेतल्या नामांकित लेखकांच्या जाडजूड कादंबऱ्या. सासूबाईंनी झाकण उघडून पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "समदा कागुदच हाय की." सासरची माणसं मूळची मार्गासनीकडची, शेतकरी, संस्थानच्या कचेरीत नोकरी लागली म्हणून हे भोरात राहिलेले. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. हे दमून यायचे, जेवायचे, झोपायचे. वाचलेलं सांगायचं कुणाला? मन भरून आलेलं असायचं आणि समोर भिंत असायची.

मग वन्सं आल्या. माझ्या नणंद, वयानं माझ्याएवढ्याच. हिर्डोशीला दिलेल्या, मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि एक दिवस वन्संना बोचक्यासकट माहेरी आणून सोडलं. मराठी चार इयत्ता झाल्या होत्या त्यांच्या.

दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडायला बसायचो, तेव्हा सकाळी वाचलेलं प्रकरण मी त्यांना मराठीत सांगायची. तिकडची नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही आपली नावं ठेवली – कुणी सुमन, कुणी गंगू, एका लाटसाहेबाचा तर आम्ही तुकाराम केला. बर्फ समजावताना माझी पंचाईत झाली. जात्यावरून पीठ उडतं तसं आभाळातून पडतं, म्हटलं. त्यांनी विचारलं, "मग झाडतं कोन?" काय हसलो होतो! एकटीनं वाचताना न दिसलेलं कितीतरी त्यांना सांगताना दिसायचं. खरं सांगते, लग्नात जे मिळेल असं वाटलं होतं ते मला त्या दोन घटकांत मिळालं. अजून त्या दुपारांसाठी जीव तुटतो.

तिसऱ्या वर्षी एक कादंबरी लागली – नवऱ्यानं घराबाहेर काढलेल्या बाईची. तिचं नाव आम्ही सुमन ठेवलं. तिची गोष्ट सुरू झाली की वन्संचा हात सुपातच थांबायचा. आणि नेमकं त्याच सुमारास यांनी कचेरीतून एक फारम आणला. पुण्याच्या एका दवाखान्यात सुईणीचं काम शिकायला बायका घेत होते. राहणं-जेवण तिथंच, चार इयत्ता पुरे. आठ दिवसांत फारम पाठवायचा होता. वन्संनी तो फडताळात ठेवला. मला म्हणाल्या, "सुमनचं काय हुतंय ते कळू द्या, मग बगू." हसत म्हणाल्या – पण ती थट्टा नव्हती, हे मला कळत होतं.

मी शेवट वाचून बसले होते. सुमन आगबोटीत बसते, परक्या बंदरात उतरते, भाड्यानं खोली घेते, शाळा काढते. शेवटच्या पानावर ती पोरींना अक्षरं गिरवायला देते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वन्सं पुढ्यात सूप घेऊन बसल्या. मी सांगत सांगत बोटीपर्यंत आले. आणि – कसं सांगू? – मी म्हणाले, वादळ आलं. आगबोट बुडाली. सुमन त्यात गेली.

तोंडातून निघून गेलं, असं म्हणता येईल. पण तसं नव्हतं. सकाळपासून ते वाक्य तयार होतं. वन्सं गेल्या असत्या तर दुपारी मी कुणाशी बोलणार होते? आणि त्याहून वाईट म्हणजे – इंग्रजी शिकलेली मी, आणि पुण्याला जाणार त्या? हेही मनात होतं. होतं.

वन्संनी डोळ्यांना पदर लावला. "एकटी बाई निगाली की आसंच व्हायचं," म्हणाल्या. फारम गेला नाही. पुढं सासूबाईंनी त्यात हळदीची पुडी बांधली.

मग वन्सं घरातच राहिल्या. माझी मुलं त्यांनीच वाढवली. सुमनची गोष्ट त्यांना पाठ झाली होती. माझ्या लेकीला त्या माझ्यापेक्षा रंगवून सांगायच्या. गोष्टीत वादळ आलं की पोर त्यांना घट्ट धरायची, आणि मी चुलीपाशी उगाच भांडी वाजवत राहायची. चोराच्या मनात चांदणं – ते पुस्तक मी कधीच रद्दीत घातलं होतं. पण एका पुस्तकाची काय एकच प्रत असते?

लढाई संपल्यावर लेक पुण्याला कॉलेजात गेली. दिवाळीला घरी आली आणि पहिला घास घ्यायच्या आत म्हणाली, "आत्या, तुझी सुमन सापडली मला! अगं, ती बुडत नाही. पोचते!"

वन्संनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही – नुसतं विचारल्यासारखं. हो म्हणायचं होतं, एवढंच. मी खोटं बोलले म्हणायचं होतं. मी त्यांच्या ताटात भात वाढला आणि म्हणाले, "वन्सं, तुमच्याच लक्षात चुकीचं राहिलं असेल. सुमन पोचली असंच मी सांगितलं होतं."

त्यांनी ताट जरा पुढं ओढलं. "आसंल," म्हणाल्या. "माजंच चुकलं आसंल. मी कुठं लई शिकलेली."

पहिलं खोटं तेविसाव्या वर्षी बोलले, पोरवय होतं, म्हणून सोडून देता आलं असतं. हे दुसरं चाळिशी उलटल्यावर, भात वाढता वाढता.

वन्सं लेकीकडं वळल्या. "पोचून काय केलं गं तिनं?" लेक सांगत राहिली आणि त्या एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या – खोली केवढी होती, पहिल्या दिवशी पोरी किती आल्या, आजारी पडली तर तिला बघायला कोण होतं. भात निवून गेला. शेवटी म्हणाल्या, "तवा वय काय हुतं तिचं?"

"तेवीस," लेक म्हणाली.

वन्सं उठल्या आणि हात धुवायला गेल्या.

त्या आत्ता परसात वाल सोलत बसल्या आहेत. हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या जवळ. मी मारलेली नाही.