थांबलेला ठिपका

बोट समुद्रात कुठे आहे, हे किनाऱ्यावरच्यांना मोबाइलवर दाखवणाऱ्या यंत्राचा प्रोग्रॅम मी लिहितो. पहिल्या यंत्रांतलं एक मीच अर्नाळ्याला थोरल्या भावाच्या बोटीवर बसवलं. वहिनीला म्हणालो, "आता बाकीच्या बोटवाल्यांना विचारत बसू नका. हा ठिपका बघायचा."

तिनं ऐकलं. म्हणूनच एका फेरीत काही दिवसांनी सकाळी ठिपका थांबला, तेव्हा तिनं कुणाला विचारलं नाही. जाळी टाकून बसले असतील, असं तिला वाटलं. संध्याकाळी फोन आला. "भावजी, बोट हललीच नाय. तुमचं यंत्र काय बोलतं?"

मी विरारच्या फ्लॅटमध्ये होतो. नोंदी उघडल्या आणि कळलं की ठिपका बोटीमुळे नाही, यंत्रामुळे थांबलाय. ते सकाळीच बंद पडलं होतं. तरी मी म्हणालो, "नेटवर्क नसेल." अजून ते वाक्य मला झोपू देत नाही.

दोष माझ्याच ओळींत निघाला. मेमरीतल्या वस्तूचे मालक किती, हे प्रोग्रॅममधला स्मार्ट पॉइंटर मोजत राहतो. शेवटच्या मालकानं सोडलं की जागा मोकळी होते. मी बोटीच्या ठिकाणाच्या नोंदीला, ती किनाऱ्यावर पोचवणाऱ्या निरोपाचं मालक केलं आणि निरोपाला नोंदीचं. निरोप पोहोचला, कुणालाच त्यांची गरज उरली नाही, तरी दोघं एकमेकांना धरून बसलेली. अशा जोड्या साचत गेल्या, मेमरी भरली आणि यंत्र बंद पडलं.

ऑफिसात हे दिसलं नाही, कारण घरी निघताना आम्ही टेबलावरचं यंत्र बंद करायचो. सकाळी मेमरी पुन्हा रिकामी. इतरांचं सोडा, ते बोटीवर कधी गेले नव्हते. माझे वडील मात्र दिवसचे दिवस समुद्रात असायचे. संध्याकाळी बोट घरी येत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

त्याच रात्री मी वहिनीला पुन्हा फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे सकाळपासून आमी उगाच बघत बसलो?" तिनं लगेच इतर बोटींना वायरलेसवर विचारायला लावलं. त्यांतल्या एकीला भावाची बोट सापडली. बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात जाळं अडकून इंजिन बंद पडलं होतं, वायरलेसची बॅटरी उतरली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओढून आणली.

उतरताच भाऊ म्हणाला, "बारक्या, पिन्याचं पानी संपलं, पन तुजा डबा त्याच्याआधी झोपला!" खलाशी हसले. वहिनी हसली नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती. निरोपाकडून मालकी काढून घेतली. आता तो नोंदीकडे बघू शकतो, तिला धरून ठेवू शकत नाही. मग यंत्र बंद न करता दिवसचे दिवस चालवून पाहिलं आणि पुन्हा बोटीवर बसवलं. ते बरोबर चालतं.

वहिनी मात्र रोज सकाळी दुसऱ्या बोटवाल्यांच्या घरी विचारून येते. नको, असं मी आता तिला म्हणत नाही.