सरकलेला ठिपका

डासांच्या अगरबत्तीचा धूर नाकात गेला की मला भिलाईतल्या आमच्या क्वार्टरची गच्ची आठवते. कॅन्सरने खंगलेल्या माझ्या मोठ्या बहिणीला त्या हिवाळ्यात एक लघुग्रह पाहायचा होता. पोलाद कारखान्याकडचं आकाश कायम तांबूस असायचं, म्हणून तिकडे पाठ करून, शालीत गुरफटून ती दुर्बीण लावायची. एका संध्याकाळी दोन ताऱ्यांच्या मधोमध अगदी पुसट ठिपका सापडला. "उद्या जागचा हलला तर समज तोच हाये. तारे असे हलत नाही," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला धाप लागली आणि दवाखान्यात भरती करावं लागलं. अंधार पडल्यावर आईने मला चादर आणायला घरी पाठवलं, तेव्हा मी आधी दुर्बीण घेऊन गच्चीवर धावलो. ठिपका एका ताऱ्याकडे सरकला होता. परत येऊन तिच्या कानाशी म्हणालो, "ताई, हलला वो! तोच हाये." मास्कच्या आडून ती हसली. "मंग उद्या तो अजून पुढं जाईन. पाहून सांगजो मले." पहाटे ती गेली. त्या संध्याकाळी आकाश स्वच्छ होतं, पण मी वर गेलो नाही. आता मी वयाने तिच्याहून कितीतरी मोठा झालोय. तरी मनात हाक मारतो ती ताई म्हणूनच.